बसून उतरायचा घाट

बाळांनो, अनू बर्फावरून घसरून पडली आणि तिचे मनगट मोडले, असे तुमच्या आईने कळवले. आधी काळजी वाटली. मग, खोटे कशाला सांगू, थोडे बरेही वाटले. हाड मोडल्याचे नव्हे. तुमच्या तिकडच्या एका तरी गोष्टीत मला काही कळते, याचे. तुमची यंत्रे, तुमची जेवणे, तुमच्या शाळा यांतले मला ओ की ठो कळत नाही. पण निसरड्या जागी माणूस कसा पडतो, पडल्यावर काय मोडते आणि पडू नये म्हणून काय करावे, हा माझा विषय आहे. दिवाळी अंकाच्या संपादकबाई ‘तुमच्या नर्सिंगच्या दिवसांवर लिहा’ म्हणून कधीच्या मागे लागल्या आहेत. तेव्हा त्यांचे काम आणि तुमचे काम एकदमच उरकते.

नागपूरला आमचे शिक्षण सगळे इंग्रजीतून झाले. मोडलेल्या हाडांच्या प्रकरणात एक चित्र होते: लांब कोट घातलेला, उंच टोपीचा एक गृहस्थ बर्फाळ रस्त्यावर आडवा पडतो आहे आणि त्याने तळहात पुढे टेकला आहे. टोपी हवेत. आम्हाला शिकवणाऱ्या मेट्रनबाईंनी ते पान पटकन उलटले. म्हणाल्या, “मुलींनो, हे तुम्हाला लागायचे नाही. तुमच्या देशात बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून येतो.” आम्ही हसलो. मी मात्र ते पान नीट वाचून ठेवले. पहिल्यापासूनच मला पान सोडून पुढे जाणे जमत नाही.

माझी पहिली नेमणूक अर्जुनी मोरगावच्या अलीकडच्या एका गावातल्या दवाखान्यात झाली. महायुद्ध चालू होते. तुमचे आजोबा त्याच गावच्या शाळेत मास्तर होते, पण त्यांची गोष्ट वेगळी. गोंदियाहून छोट्या गाडीने येऊन मी उतरले तेव्हा आषाढ लागला होता आणि जिकडे पाहावे तिकडे पाणी. भाताच्या बांध्या, म्हणजे खाचरे, त्यांच्या मधून हातभर रुंदीचे मातीचे धुरे, आणि धुऱ्यांवरून डोईवर ओझे घेऊन तुरुतुरु चालणारी माणसे. दवाखान्यात जायची वाट त्या धुऱ्यांवरूनच. मी नागपूरचे चामडी जोडे घातलेले, हातात पेटी. मला न्यायला गावची दाई भागरथा आली होती. तिने माझ्या पायांकडे पाहिले आणि म्हणाली, “बाई, जोडे काढा जी. धुऱ्याले जोडे समजत नाई.”

मी म्हटले, “चालेल. मला सवय आहे.”

कशाची सवय होती, देव जाणे. पुढच्याच वळणावर मी बांधीत बसलेली होते, कमरेपर्यंत चिखलात, आणि भाताची रोपे लावणाऱ्या, रोवणीच्या बाया गाणे थांबवून माझ्याकडे पाहत होत्या. भागरथाने आधी माझी पेटी उचलली, मग मला. “आता काढा,” ती म्हणाली. “अन् अंगठा रोवा. आंदी अंगठा, मंग पाय.” म्हणजे आधी पायाचा अंगठा मातीत रुतवायचा आणि मगच त्या पायावर भार टाकायचा. त्या दिवशी शिकलेली ती चाल मी आजही न्हाणीघरात चालते.

आता धंद्याचे थोडे सांगते. लोकांना वाटते, खेड्यातल्या नर्सबाईकडे बाळंतपणे आणि ताप एवढेच येत असणार. येत होतेच. पण आषाढापासून आश्विनापर्यंत माझ्या ओसरीवर बसलेल्यांतले निम्मे पडलेले असत. धुऱ्यावरून पडलेले, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून पडलेले, शेवाळलेल्या विहिरीच्या कट्ट्यावरून पडलेले. आणि गंमत अशी की त्यातले बहुतेक त्या टोपीवाल्या गृहस्थासारखेच पडत. पाय सटकला की माणूस तळहात पुढे करतो, सगळा भार मनगटावर येतो आणि हाड तिथेच मोडते. अनूचेही तेच झाले. चिखल असो की बर्फ, हाडाला फरक कळत नाही. मेट्रनबाईंनी उलटलेले पान मला पहिल्या महिन्यातच लागले. बांबूच्या पातळ कांबी आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या यांवर मी किती मनगटे बांधली असतील!

गिऱ्हाईके तऱ्हेतऱ्हेची. एक पोलीस शिपाई यायचा. चौकीचे नाव घेत नाही. खिळे ठोकलेले बूट घालून धुऱ्यावरून जायचा आणि वर्षातून एकदा तरी आपटायचा. एकदा कंबर धरून आला आणि ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “चोर के पीछे दौड़ रहा था, सिस्टर!”

भागरथा कोपऱ्यात कापूस पिंजत होती. “कोनता चोर गा?” तिने विचारले. “मी त्याच धुऱ्यानं येऊन राहिली होती. मले त बेडकाशिवाय कोनी दिसला नाई.”

“तू चुप बैठ.”

“मी बसलीच आहो. तुमालेच बसता येऊन नाई राहिलं.”

ओसरी हसली. शिपाईही शेवटी हसला, मग कळवळला, कारण हसले की कंबर दुखे. बूट हातात घेऊन चालत जा, एवढेच औषध मी त्याला सांगितले. त्याने ते घेतले नाही. सरकारी बूट हातात धरणे त्याला कमीपणाचे वाटे.

माणसे पडतात ती बरेचदा या कमीपणामुळे, हे मला हळूहळू कळू लागले. काठी घेतली तर म्हातारे म्हणतील. हात धरला तर घाबरट म्हणतील. हळू चालले तर आळशी म्हणतील. एक कोष्टीण म्हातारी होती. सुनेने काठी दिली ती तिने रागाने अंगणात फेकली आणि त्याच अंगणात पडली. मांडीचे हाड वर खुब्याशी मोडले. आमच्याकडे त्यावर काहीच उपाय नव्हता. बैलगाडीतून स्टेशनपर्यंत नेण्याएवढा तिचा जीव उरला नव्हता. मी रोज जाऊन तिची कूस बदलत असे, पाठीला तेल लावत असे, पण तिला पुन्हा उभी करू शकले नाही. तिची आठवण आली की अजून वाईट वाटते. म्हणून तुम्हाला सांगते, पायाखाली निसरडे असेल तेव्हा लाज घरी ठेवून निघा.

आता मुख्य गोष्ट.

त्या भागात श्रावणात भुजली असते. लहान टोपल्यांत माती भरून गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत ठेवतात. त्याला पिवळे, लुसलुशीत कोंब येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी बायका त्या टोपल्या डोईवर घेऊन गात गात तलावावर जातात, माती पाण्यात सोडतात आणि कोंब घरी आणून मोठ्यांच्या कानांवर खोवून पाया पडतात. भांडलेली माणसे त्या दिवशी बोलू लागतात. फार गोड सण. त्यात एक नियम असा की डोईवर घेतलेली टोपली पाण्याला लागेपर्यंत खाली ठेवायची नाही. आणि आमच्या गावात पहिली टोपली मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या सुनेची.

हे मालगुजार पवार होते. त्यांचे पूर्वज माळव्यातून आले, याचा त्यांना फार अभिमान. गावचा तलाव त्यांच्या आज्याने बांधलेला आणि घाटाला गुळगुळीत दगडाच्या रुंद पायऱ्या. उन्हाळ्यात त्या पायऱ्या पाहून शहरातला माणूसही वाहवा म्हणे. श्रावणात त्या हिरव्या होत. त्यावर कहर म्हणजे भुजलीच्या सकाळी घाट पवित्र करायचा म्हणून बायका सगळ्या पायऱ्या शेणाने सारवत. अंगणात शेण मातीत मुरते, वाळते, धरून बसते. गुळगुळीत दगडावर, पावसाळी हवेत, ते वाळतच नाही. खाली शेवाळ, वर ओले शेण. तुमचा बर्फ मी पाहिलेला नाही, पण तो याहून निसरडा असेल, असे मला वाटत नाही.

मालगुजारांची आई हीच घराची खरी मालक. सारा गाव तिला मोठी माय म्हणे. धिप्पाड, आवाज खणखणीत, हातात चांदीच्या मुठीची काठी. तिची सून फुलवंता, वीसएक वर्षांची, हसरी. मी गावात यायच्या आदल्या वर्षी फुलवंता भुजली घेऊन त्या घाटावरून पडली होती. दोन्ही हात टोपलीला, तेव्हा सावरणार कशाने? पाचवा महिना होता. मूल गेले.

मी पाहिले तेव्हा तिला पुन्हा दिवस गेलेले होते आणि श्रावणात सातवा लागत होता. तिला तपासायला मी वाड्यावर जात असे. एके दिवशी मी मोठ्या मायला म्हटले, “माय, यंदा फुलवंताने घाट उतरू नये. टोपली दुसऱ्या कोणी नेली तर नाही का चालणार?”

मोठी माय सुपारी कातरत होती. ती थांबली नाही. “नर्सबाई, मागच्या साली टोपली सांडली. म्हून लेकरू गेलं. तुमच्या पुस्तकात हे नसन.”

“टोपली सांडली कारण पाय सटकला. लेकरू गेलं तेही पाय सटकला म्हणूनच.”

“तुमी पायापासून मोजता. मी टोपलीपासून मोजतो. जिच्या हातून सांडली तिच्याच हातून पान्याले लागली पाहिजे. नाई त हे बी लेकरू राहत नाई.”

तिचे डोळे भरले होते. सुनेला छळणारी बाई असती तर मी भांडले असते. पण नातवंड वाचावे म्हणूनच ती सुनेला त्या पायऱ्यांवर पाठवत होती. हिच्याशी कसे भांडणार?

मी फुलवंताला बाजूला घेऊन विचारले. ती म्हणाली, “मी जाईन बाई. घरी बसली अन् काही झालं, त जनमभर मलेच वाटन का मी गेली नाई म्हून झालं.” मग हळूच हसली. “भेव त लागते. रोज सपनात पायऱ्या दिसतात.”

जाऊ नये हे शक्य नाही म्हटल्यावर मी घाटाकडे वळले. निदान सारवण नको, असे सुचवले. मोठी माय कडाडली, “सारवल्याबिगर भुजली? कायले मंग, गोंदियाच्या टेसनावरच नेऊन टाकू ना!” शेवटी तडजोड अशी झाली की सारवण होईल, पण त्यावर नाल्यातली जाड रेती पसरायची. रेतीला त्यांच्या शास्त्रात दोष नव्हता. नदीत असते ती अपवित्र कशी असेल? भुजलीच्या सकाळी भागरथाने आणि मी उभे राहून रेती टाकून घेतली. मी पायरी-पायरीवर चालून पाहिले. पाय धरत होता. मी समाधानाने घरी जेवायला गेले.

दुपारी, बायका नटून निघायच्या बेतात असताना, जी सर आली ती अशी की कौलांवर कोणी टोपल्याच रिकाम्या करतो आहे. आली तशी थांबलीही. लख्ख ऊन पडले. सगळ्या म्हणाल्या, देवीने घाट धुऊन दिला. मी धावत घाटावर गेले. रेती सगळी वाहून तळ्यात गेली होती. शेण मात्र पुरते गेले नव्हते. पातळ साय धरल्यासारखे पायऱ्यांवर चकाकत होते.

तोवर गाणे ऐकू आलेच. पुढे मोठी माय काठी टेकत, तिच्यामागे फुलवंता, डोईवर टोपली, दोन्ही हात वर. मागे गावच्या साऱ्या बाया, पिवळ्या कोंबांच्या टोपल्या घेऊन. फुलवंता वरच्या पायरीशी येऊन थांबली. तिने खाली पाहिले आणि तिच्या ओठांवरचे गाणे थांबले. मग एकेक करून सगळ्यांचेच थांबले. आदल्या वर्षी काय झाले ते प्रत्येकीला आठवत होते.

मी तिच्याजवळ गेले. “फुलवंता, बस.”

“आँ?”

“खाली बस. टोपली डोईवरच ठेव, नियम मोडत नाही. बसून एकेक पायरी उतर. बसलेला माणूस पडत नाही, कारण त्याला पडायला जागाच उरत नाही.”

मागून कोणीतरी फिसकन हसले. “मालगुजाराची सून लेकरावानी ढुंगनावर घसरत जाईन का वो?” आणखी दोघी-तिघी हसल्या. फुलवंता लाल झाली. तिने मान हलवली, नाही. आणि पाय पुढे केला. अंगठा टेकला, तो सरकला. तिने पाय मागे घेतला. टोपली डोईवर डगमगली. मी तिचे दंड धरले. मी मोठ्या मायकडे पाहिले. मोठी माय पायऱ्यांकडे पाहत होती. तिने काठीचे टोक पायरीवर टेकून पाहिले. काठी सुर्रकन गेली.

“भागरथा,” ती म्हणाली, “काठी धर.”

भागरथाने काठी धरली. मोठ्या मायने जरीच्या लुगड्याचा काष्टा खेचला, गुडघ्यावर हात टेकून ‘हरी हरी’ म्हटले आणि तो सगळा देह धपकन वरच्या पायरीवर बसवला. मग मान वळवून सुनेकडे पाहिले. “बगतेस काय? बस ना वो! एक हात टोपलीले, एक हात मले दे.”

फुलवंता बसली.

आणि मग जे झाले ते मी योजलेले नव्हते. त्या गावात मोठी माय बसलेली असताना तिच्यासमोर कोणी बाई उभी राहत नसे. राहिली तर तो मोठा उद्धटपणा. लग्नात, मर्तिकात, कुठेही, ती बसली की सगळ्या बसत. आता ती घाटावर बसलेली, आणि या सगळ्या डोईवर टोपल्या घेऊन तिच्याहून उंच उभ्या! आधी हसणाऱ्या बाईच्याच लक्षात आले. ती जीभ चावून खाली बसली. तिच्यामागून दुसरी. मग ओळच्या ओळ बसली, नव्या लुगड्यांसकट, शेणात. मी आणि भागरथा तेवढ्या उभ्या होतो. भागरथाने माझा पदर ओढला. “बसा जी बाई. काऊन उभ्या राहता, नाक वर करून?” मी माझ्या पांढऱ्याशुभ्र, इस्त्रीच्या गणवेशात बसले.

मोठी माय एक पायरी उतरली, सून उतरली, मागची ओळ उतरली. “गाना बंद काऊन झाला?” मोठी माय ओरडली. “बसून गाता येत नाई का?” गाणे सुरू झाले. दर पायरीला दणका बसे आणि गाणे मधेच हिसका खाई, त्यामुळे हसू फुटे, मग पुन्हा गाणे. पलीकडच्या पाळीवर म्हशी धुणारे पुरुष आ वासून पाहत होते. फुलवंता तर इतकी हसत होती की टोपली हलते आहे म्हणून सासूने तिला दटावले. “हास पन डोकं हलवू नको.”

शेवटच्या पायरीवर पाणी त्यांच्या घोट्यांना लागले. फुलवंताने टोपली उतरवली आणि पाण्यात सोडली. माती विरघळत गेली, पिवळे कोंब वर तरंगू लागले. सासू-सून तशाच पाण्यात पाय सोडून बसून राहिल्या. मोठ्या मायने ओल्या हाताने सुनेच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, “लागली पान्याले. आता झोप नीट.” परत चढताना मात्र चौघींनी हात धरून वर घेतले, कारण मोठ्या मायला बसल्या जागेवरून उठवणे हे वेगळेच काम होते.

त्या संध्याकाळी गावात एकीच्याही लुगड्याची मागची बाजू स्वच्छ नव्हती. आणि माझ्या ओसरीवर, भुजलीचा दिवस असूनही, कोणी पडलेले आले नाही.

कार्तिकात फुलवंताला मुलगी झाली. भागरथाने आणि मीच तिला मोकळी केली. मूल रडले तेव्हा मोठी माय दाराबाहेर होती. मुलगी आहे म्हटल्यावर म्हणाली, “टोपली नेणारी आली मनजे.”

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या श्रावणात माझी बदली ठरली होती. ती माझी तिथली शेवटची भुजली. मोठ्या मायच्या धाकट्या मुलाचे नुकतेच लग्न झाले होते. नवी सून गोंदियाजवळच्या नागऱ्याची. त्या पहिल्या वर्षापासून न चुकता गावच्या बाया घाटावर येत, मोठी माय बसे, सगळ्या बसत. आता कोणी हसतही नसे. नवी सून मात्र डोईवर टोपली घेऊन उभीच राहिली. त्या वर्षी पाऊस उशिरा होता आणि घाट कोरडा ठणठणीत होता.

“मायजी, बसायचं कायले?” तिने विचारले. “आमच्या नागऱ्याले त उभ्यानंच जातात.”

मोठ्या मायने तिच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “तुमच्या नागऱ्याचं मले नको सांगू. भुजली बसूनच उतरते. आमचे वाडवडील माळव्यातून आले तवापासून हे चालत आलं. सात पिढ्या झाल्या.” तिच्या शेजारी बसलेली फुलवंता पदराआड खुदकन हसली. तिच्या मांडीवरची मुलगी आपली इवलीशी टोपली दोन्ही हातांनी डोईवर धरून बसली होती.

नव्या सुनेला खरे वाटेना. ती माझ्याकडे वळली. शिकलेली बाई खरे सांगेल, असा विश्वास तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. मोठ्या मायनेही माझ्याकडे पाहिले, अगदी सरळ. “नाई का वो नर्सबाई?”

मी म्हटले, “हो जी. फार जुनी चाल आहे,” आणि पदर सावरून पायरीवर बसले.